अमेरिकेतील मोठी शहरे: लोकसंख्या आणि ओळख यांचा मेळ का बसत नाही?

प्रश्न: भूगोल शिक्षक, औसा (जि. लातूर)

नमस्कार. मी औसा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. मागच्या आठवड्यात नववीच्या मुलांना मी अमेरिकेचा कोरा नकाशा दिला आणि त्या देशातील जी शहरे ठाऊक असतील त्यांची नावे लिहून नकाशावर अंदाजे खूण करायला सांगितले. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन ही दोन नावे जवळपास प्रत्येक कागदावर होती. त्याखालोखाल शिकागो आणि कॅलिफोर्निया आली. कॅलिफोर्निया हे राज्य आहे, पण मुलांनी ते शहर समजूनच लिहिले होते. फिनिक्स किंवा सॅन अँटोनियो मात्र एकाही मुलाने लिहिले नाही.

यात मुलांचा दोष आहे असे मी मानत नाही. आपल्या राज्याच्या दहावीच्या भूगोलात भारताची तुलना ब्राझीलशी केलेली असल्यामुळे अमेरिकेची शहरे त्यांच्यापुढे नीट येतच नाहीत. तरीही २०२० च्या तिथल्या जनगणनेचे आकडे पाहिल्यावर मी विचारात पडलो. न्यूयॉर्क सुमारे ८८ लाख, लॉस एंजेलिस ३९ लाख, शिकागो साडेसत्तावीस लाख, ह्यूस्टन २३ लाख आणि पाचव्या क्रमांकावर १६ लाखांचे फिनिक्स, असा क्रम लागतो. याउलट ज्या मायामीचे नाव शहरातली तरुण मंडळी सहज घेतात, त्या मायामीची लोकसंख्या ४ लाख ४२ हजार आहे, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील आपल्या नांदेडपेक्षाही कमी.

माझे दोन प्रश्न आहेत. शहर किती ओळखीचे आहे याची तुलना करायची झाल्यास ती कोणत्या मापाने करावी? आणि न्यूयॉर्क बाजूला ठेवले तर मराठवाड्यातील सामान्य माणसाला अमेरिकेतील कोणते शहर सर्वांत जवळचे वाटत असेल? केवळ मत नको, त्यामागचे कारणही कृपया लिहावे.

उत्तर १: निवृत्त सांख्यिकी कर्मचारी, नांदेड

सर, प्रश्न चांगला आहे. फक्त आकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी असे सुचवतो. आपण दिलेले आकडे नगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्येचे आहेत आणि अमेरिकेत ही हद्द कोठे आखली गेली हा बहुतेक वेळा इतिहासाचा भाग असतो. मायामीची हद्द लहान आहे, पण तिच्याभोवतीचा सलग वस्तीचा महानगर प्रदेश ६१ लाखांचा आहे. म्हणून मायामीची तुलना नांदेडशी करताना आपण एका महानगराच्या मधल्या तुकड्याची तुलना एका पूर्ण शहराशी करत आहोत, हे मुलांना सांगायला हवे.

उलट उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते. त्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले नसते, तर आज २७ लाखांहून अधिक वस्तीचे ब्रुकलिन शिकागोच्या बरोबरीने यादीत उभे राहिले असते. त्याचप्रमाणे सॅन होजे हे शहर लोकसंख्येने सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा मोठे आहे, एक १० लाखांच्या वर आणि दुसरे पावणेनऊ लाखांच्या आत, परंतु सॅन होजेची सारी ओळख ‘सिलिकॉन व्हॅली’ या नावाने गिळून टाकली. लॉस एंजेलिसच्या बाबतीत हेच काम हॉलिवूडने केले. हॉलिवूड हा त्या शहराचा एक भाग आहे हे न सांगता विचारले, तर अनेक जण ती दोन वेगळी शहरे मानतील.

आणखी एक मुद्दा काळाचा आहे. १९५० मध्ये फिनिक्सची वस्ती जेमतेम १ लाख ७ हजार होती आणि डेट्रॉईटची साडेअठरा लाख. आज डेट्रॉईट साडेसहा लाखांच्या आत आले आहे, पण त्याचे नाव आजही फिनिक्सच्या कितीतरी पुढे आहे. लोकसंख्या दर दहा वर्षांनी मोजली जाते. नावाची ओळख मात्र पिढ्यांमागून चालत येते. फिनिक्सचा उन्हाळा वास्तविक आपल्या लोकांना पटकन समजेल असा आहे, कारण २०२३ मध्ये तेथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर राहिले होते. तरीही त्या शहराचे नाव आपल्यापर्यंत पोचवणारे कोणीच नाही.

उत्तर २: आडत व्यापारी, लातूर

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंशय शिकागो हे आहे, आणि त्याचे कारण लातूरच्या बाजारात रोज सकाळी ऐकू येते.

आमच्या भागात खरिपात सोयाबीन हेच मुख्य पीक झाले आहे. सौदा सुरू होण्यापूर्वी खरेदीदार, तेलाच्या प्लांटचे प्रतिनिधी आणि हल्ली मोबाईल बाळगणारे शेतकरीही “रात्री शिकागो कसे बंद झाले?” असे विचारतात. शिकागोचा धान्य वायदेबाजार, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आज ठरवणारा बाजार, १८४८ मध्ये स्थापन झाला आणि सोयाबीनचे वायदे तेथे १९३६ पासून चालू आहेत. तेथील भाव बुशेलवर निघतो. सोयाबीनचे एक बुशेल म्हणजे सुमारे २७.२ किलो, त्यामुळे एका टनामध्ये जवळपास पावणेसदतीस बुशेल बसतात. १० डॉलरचा भाव असला तर टनाला सुमारे ३६७ डॉलर झाले, हा हिशेब आमच्याकडील जुने मुनीम तोंडी करतात.

तो भाव लातूरला का लागू व्हावा, असे विद्यार्थी विचारतील. आपला देश खाद्यतेल मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो आणि सोयापेंड बाहेर विकतो. बाहेरचे तेल स्वस्त झाले किंवा बाहेरची पेंड आपल्या पेंडीपेक्षा कमी भावात मिळू लागली, की प्लांटवाल्यांची खरेदीची ऐपत कमी होते आणि ते सौद्यात हात आखडता घेतात. अमेरिकेतील सोयाबीनची काढणीही आपल्याप्रमाणेच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, त्यामुळे ऐन दसरा-दिवाळीत तिकडच्या पिकाची बातमी इकडच्या भावावर येऊन आदळते. सरकारचे आयात शुल्क, हमीभाव आणि मालातील ओलावा यांचाही भावावर मोठा परिणाम होतो, म्हणून सगळे शिकागोच ठरवते असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या शेतकऱ्याने मुंबईही दोनदाच पाहिली आहे, त्याच्या तोंडी शिकागो हे नाव येते ते नकाशातून आलेले नाही. ते त्याच्या पट्टीवरच्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरच्या, रकमेतून आलेले आहे.

कापसाच्या बाबतीत हेच स्थान न्यूयॉर्कला आहे. परभणी, सेलू, मानवत या भागातील जिनिंगवाले न्यूयॉर्कच्या वायद्याकडे लक्ष ठेवून असतात. तेथे भाव पौंडाला सेंटमध्ये निघतो आणि आपल्याकडे ३५६ किलोच्या खंडीवर.

उत्तर ३: ग्रंथपाल, छत्रपती संभाजीनगर

आडत व्यापारी बंधूंचे उत्तर मला फार आवडले. न्यूयॉर्क बाजूला ठेवा असे सरांनी म्हटले आहे, पण मराठवाड्यापुरते बोलायचे झाल्यास ते इतक्या सहज बाजूला ठेवता येत नाही असे मला नम्रपणे नोंदवावेसे वाटते.

न्यूयॉर्कची जगभराची ओळख उंच इमारती, शेअर बाजार आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा यांमुळे आहे. आमच्या शहरातील हजारो घरांमध्ये मात्र ती कोलंबिया विद्यापीठामुळे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तेथे गेले, १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले, आणि त्याच विद्यापीठाने १९५२ मध्ये त्यांना सन्मानाने डॉक्टर ऑफ लॉज ही पदवी दिली. या दोन घटनांच्या मधल्या काळात, १९५० मध्ये, त्यांनी येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. माझ्या वाचनालयात येणाऱ्या मुलांपैकी अनेक मुले त्यांच्या घरातील पहिली पदवीधर असतात. त्यांना मॅनहॅटन म्हणजे काय हे सांगता येत नसेल, पण बाबासाहेब कोणत्या शहरात शिकले हे त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेले असते. येथील विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९९४ पर्यंत केवढा दीर्घ संघर्ष झाला हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्यासाठी ‘कोलंबिया’ हा शब्द परदेशी राहिलेलाच नाही.

फिलाडेल्फियाचेही असेच आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेथे १७७६ मध्ये मंजूर झाला आणि १७९० ते १८०० या काळात ती देशाची राजधानी होती, हे अमेरिकेचे विद्यार्थी शिकतात. मराठी घरात त्या शहराचे नाव पोचले ते आनंदीबाई जोशी यांच्यामुळे. मार्च १८८६ मध्ये त्यांना तेथे वैद्यकीय पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला उपस्थित होत्या. त्यामुळे शहराची ओळख मोजताना ‘कोणाला’ ओळखीचे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. एकाच शहराची दहा समाजांत दहा वेगळी कारणे निघतील आणि सर्व खरी असतील.

उत्तर ४: गृहिणी, परभणी

माझी मुलगी आणि जावई प्लॅनो येथे राहतात. हे गाव डॅलसला लागून आहे. शेजारपाजारचे सर्व जण मात्र “ताई, लेक टेक्सासला आहे ना?” असेच विचारतात. आमच्या गल्लीतील आणखी दोन घरांतील मुले अमेरिकेत आहेत आणि त्यांचा पत्ता लोकांच्या बोलण्यात ‘न्यू जर्सी’ असाच असतो. सरांच्या वर्गातील मुलांनी कॅलिफोर्निया हे शहर समजून लिहिले, त्याचे कारण घरोघरी असेच बोलले जाते. मलाही प्लॅनोचे नाव पहिल्यांदा पार्सलवर लिहावे लागले तेव्हाच नीट लक्षात राहिले.

उत्तर ५: कामगार, वाळूज

डेट्रॉईटचा उल्लेख वर आला म्हणून लिहितो. आमच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारे अनेक कारखाने आहेत आणि प्रशिक्षणात हेन्री फोर्ड यांच्या सरकत्या जोडणी साखळीचा धडा असतोच. १९१३ मध्ये ती ज्या हायलंड पार्क कारखान्यात सुरू झाली, ते डेट्रॉईटच्या पोटातील पण वेगळी नगरपालिका असलेले गाव आहे. चेन्नईला ‘भारताचे डेट्रॉईट’ म्हणतात. शहराचे नाव एखाद्या उद्योगाचे सामान्यनाम व्हावे एवढी ओळख फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते. त्या शहराच्या प्रशासनाने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तरी ते नाव पुसले गेले नाही.

तरीही कामगार म्हणून माझे मत शिकागोलाच आहे. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ रोजी अमेरिकेत जो संप झाला, त्याचे केंद्र शिकागो होते आणि ४ मे रोजी तेथील ‘हेमार्केट’ चौकात बॉम्बस्फोट झाला. आपल्याकडे १ मे हा महाराष्ट्र दिनही असल्यामुळे झेंडावंदनानंतरच्या गेट सभेत दर वर्षी शिकागोचे नाव घेतले जाते. खुद्द अमेरिकेत मात्र कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो, हे आमच्यातील अनेकांना ठाऊक नाही.

उत्तर ६: स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

सरांच्या पहिल्या प्रश्नाकडे कोणी फारसे वळले नाही, म्हणून प्रयत्न करते. ‘ओळखीचे’ या एकाच शब्दात आपण तीन गोष्टी मिसळत आहोत असे मला वाटते: नाव कानावरून गेलेले असणे, त्या शहराविषयी एक तरी खरी गोष्ट सांगता येणे, आणि नकाशावर त्याची जागा दाखवता येणे. या तिन्ही वेगवेगळ्या मोजल्या तर क्रम बदलतो. लॉस एंजेलिस पहिल्या मापात फार वर असेल. ह्यूस्टनचे नाव तुलनेने कमी जणांना माहीत असेल, पण ज्यांना माहीत आहे ते अंतराळवीरांचे केंद्र तेथे आहे हे लगेच सांगतील. बोस्टनचा चहा १७७३ मध्ये समुद्रात फेकला गेला हे आम्ही पाठ केले आहे, परंतु बोस्टन नकाशावर दाखवा म्हटले तर माझ्यासह अनेकांचे बोट चुकेल.

बातमीतून मिळालेली ओळख टिकते का, हाही वेगळा विषय आहे. न्यू ऑर्लिन्स हे लातूरप्रमाणेच ४ लाखांच्या आतले शहर, पण ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर ते जगभर माहीत झाले. किल्लारीचे नावही ३० सप्टेंबर १९९३ नंतर असेच दूरवर गेले होते. तेव्हा ते नाव ऐकलेल्या परदेशातील किती जणांना आज ते आठवत असेल, असा विचार मनात येतो आणि वाईट वाटते. रोजच्या व्यवहारातून, शिक्षणातून किंवा श्रद्धेतून आलेली ओळख अधिक टिकाऊ असावी. शिकागोच्या बाजूने वर दोन कारणे आली, त्यात ११ सप्टेंबर १८९३ चे स्वामी विवेकानंदांचे सर्वधर्म परिषदेतील भाषण हे तिसरे जोडावे.

प्रश्नकर्ता: भूगोल शिक्षक, औसा

सर्वांचे मनापासून आभार. अंबाजोगाईच्या ताईंनी सांगितलेली तीन मापे मी काल वर्गात वापरून पाहिली. शिकागो लिहिणाऱ्या मुलांना मी एकेकाला जवळ बोलावून हे नाव कोठे ऐकले ते विचारले. काहींनी विवेकानंदांचे नाव घेतले. मागच्या बाकावरील एक मुलगा, जो एरवी वर्गात फारसा बोलत नाही, म्हणाला की वडिलांच्या मोबाईलवर सोयाबीनच्या भावाचा निरोप येतो आणि तो मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम त्याचे आहे. त्या निरोपात शिकागो असते. शिकागोचा भाव कमी झाला की घरात काय बोलले जाते हेही त्याने सांगितले. त्याच्या कागदावर शिकागोची खूण टेक्सासच्या किनाऱ्यावर होती. आम्ही दोघांनी ती खोडून मिशिगन सरोवराच्या नैऋत्य काठावर केली.