टाकीच्या सांध्यात पॉलिसल्फाइड भरावं का?

साइटवाला:
आमच्या सोसायटीची जमिनीखालची टाकी. एक्सपान्शन जॉइंटला, म्हणजे काँक्रीट हलायला सोडलेल्या सांध्याला, पॉलिसल्फाइड (दोन डबे मिसळून भरायचं रबरी सीलंट) भरून दोन पावसाळे झाले नाहीत तोच गळती. उतरून पाहिलं, नखाने ओढली तर अख्खी पट्टी च्युइंगमसारखी हातात आली, आतून अजून चिकट! दोन डब्यांचं मटेरियल आपल्या साइटवर आणूच नये. एका नळीतलं पीयू (पॉलीयुरेथेन सीलंट) गनमध्ये घालायचं आणि मोकळं व्हायचं.

गिलावा:
पट्टी सुटली म्हणजे प्रायमर, चिकटण्यासाठीचा आधीचा हात, मारला नाही. आत चिकट म्हणजे दोन डब्यांतले बेस आणि हार्डनर नीट मिसळले नाहीत. पॅडलच्या ड्रिलने, डब्याच्या कडा-तळ खरवडत, एकच रंग येईपर्यंत फिरवावं लागतं. तुमच्याकडे काठीने ढवळलं असणार, पैज लावतो. विमानाच्या इंधन टाक्या पॉलिसल्फाइडनेच सील करतात, त्याला कसली नावं ठेवता?

साइटवाला:
विमानाच्या कारखान्यात एका बल्बच्या उजेडात, चिखलात वाकून काम करतात का हो?

रसायनवाली:
विमानाचा दाखला इथे चालत नाही. 1920च्या दशकात अमेरिकेत जोसेफ पॅट्रिक अँटीफ्रीझ करायला गेले आणि हाती लागला घाण वासाचा रबरी गोळा, तोच पुढे थायोकॉल, म्हणजे हेच पॉलिसल्फाइड रबर. तेल-पेट्रोलला दाद देत नाही, हीच त्याची मोठी ख्याती. पेट्रोल पंपाच्या फरशीत जरूर भरा. पाण्याच्या टाकीत त्या गुणाचे पैसे कशाला मोजायचे? पण पीयूही साधं नाही हं. काँक्रीट ओलं असेल तर बुडबुडे धरतं. शिवाय नळीतलं पीयू हवेतल्या ओलाव्यावर वरून आत हळूहळू सुकतं. दुसऱ्या दिवशी टाकी भरलीत तर तेही गेलं.

गिलावा:
पाण्याच्या टाक्यांना पॉलिसल्फाइड वर्षानुवर्षं भरतायत, त्याचं भारतीय मानक आयएस 12118 काय उगाच आहे? भिंतीला गनने भरायचं घट्ट गन ग्रेड, तळाला ओतायचं पातळ पोरिंग ग्रेड. आणि सीलंटखाली सांध्यात दाबायची फोमची दोरी, बॅकर रॉड, होता का? सांध्याच्या रुंदीप्रमाणे ठरलेल्या खोलीपर्यंतच भरायचं, तेही दोनच बाजूंना चिकटेल असं. तळालाही चिकटलं तर सांधा हलला की फाटतंच, मग पीयू असो की काही.

साइटवाला:
रॉड कुठला! खाली सिमेंटचा माल निघाला. बरं, मटेरियलची चूक नव्हती, मान्य. पण पुढच्या वेळीही सर्वात कमी दराचाच ठेकेदार येणार, कमिटी तसंच ठरवते. त्याच्या हातात मी दोन डबे देणार नाही.

गिलावा:
मग नळी तरी का देताय?