‘दुर्मीळ’ माठ की ‘नमुने थोडे’ असलेला माठ?

प्रश्न : वनस्पतिसूचीत एका रानटी माठापुढे ‘सेल्डम कलेक्टेड’ (क्वचित गोळा केलेला) असा शेरा आहे. त्याला ‘दुर्मीळ’ म्हणावे का? आणि ‘रेंज’ला मराठीत काय?

– ‘दुर्मीळ’ नको. शेरा झाडाबद्दल नाही, संग्रहातल्या नमुन्यांबद्दल आहे. माठ पडला तण. उकिरड्यावर, बांधावर दिसला तरी ‘हा माठच की’ म्हणून पुढे जातात. ‘नमुने थोडे’ असे सरळ लिहावे. खरा दुर्मीळ म्हणजे अमरँथस प्युमिलस हा माठ (‘अमरँथस’ हे माठांचे शास्त्रीय नाव). तो अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या वाळूत वाढतो आणि १९९३ मध्ये तिथल्या सरकारने त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले.

– शिवाय आहेत ते नमुनेही पुष्कळदा कोवळे, नुसत्या पानांचे. त्यावरून जात ठरत नाही. पिकलेले फळ हवे. मंजिरी सुकवून पांढऱ्या कागदावर चोळा आणि दहापट भिंगाखाली पाहा. फळ मध्यावर झाकणासारखे उघडले आणि पाकळीवजा दले तीन असली, तर अमरँथस ट्रायकलर या जातीकडे वळा. तीनच दले, पण फळ उघडत नाही आणि त्यावर ठळक सुरकुत्या आहेत, तर व्हिरिडिस; उघडत नाही पण गुळगुळीत आहे, तर ब्लिटम. पानाच्या टोकाची खाच ब्लिटममध्ये खोल असते, पण व्हिरिडिसमध्येही थोडी असते. नुसत्या खाचेवर विसंबलात की चुकलात. पानाच्या बगलेत काट्यांची जोडी असली तर काटेमाठ (स्पायनोसस), दले पाच. त्याची शेंड्याची मंजिरी बहुतांशी नरफुलांची. फळे खालच्या बगलांतल्या झुबक्यांत शोधा.

– दाबताना बिया गळतात. नमुन्याच्या कागदावरच छोटी पुडी चिकटवून त्यात ठेवा, नाहीतर वर्षभराने देठच उरतो.

– ‘रेंज’साठी ‘आढळ’ किंवा ‘आढळक्षेत्र’. ‘पल्ला’ तोफेचा. मात्र ‘मूळ स्थान’ वेगळे नोंदवावे : काटेमाठ मूळचा उष्ण अमेरिकेतला, आढळ आज जगभरच्या उष्ण प्रदेशांत. आणि नमुनेच थोडे असले, तर नकाशातली रिकामी जागा म्हणजे तिथे झाड नाही असे नव्हे. तिथे ‘नोंद नाही’ इतकेच लिहावे.

– माठाच्या ‘अमरँथ’ या इंग्रजी नावाचा आपल्या ‘अमर’शी थेट संबंध जोडू नये. मूळ ग्रीक शब्द ‘अमरांतोस’, म्हणजे न कोमेजणारे. शेवटचा ‘थ’ फुलाच्या ‘अँथोस’ या शब्दाच्या प्रभावाने मागाहून चिकटला.