ऑफिस + साड्यांचे फोटो: हलका लॅपटॉप, ६५ हजारांच्या आसपास, कुठला घेऊ?

मोरपंखी_पदर
नमस्कार मंडळी. लॅपटॉप घ्यायचाय, पंधरा दिवस नुसते व्हिडिओ बघून डोकं भणाणलंय म्हणून इथे विचारते. मी रोज डोंबिवली ते सीएसएमटी जाते, अकाउंट्सची नोकरी आहे आणि लॅपटॉप आपलाच न्यावा लागतो. एक्सेल, टॅली, मीटिंगा, पंचवीस टॅब उघडे, एवढंच काम. सध्याचा १५ इंची आहे, चार्जर धरून अडीच किलोच्या वर जातो, आणि सकाळच्या फास्टमध्ये बॅग पोटाशी धरून उभं राहायचं म्हणजे ठाणं यायच्या आधीच खांदा भरून येतो.

दुसरं काम घरचं. आई आणि मी येवल्याहून पैठण्या आणतो आणि व्हॉट्सॅप, इन्स्टावर विकतो. फोटो मीच काढते, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढून लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट करते. अडचण सगळी रंगाची आहे. गेल्या महिन्यात रामा रंगाची साडी परत आली, त्या बाई म्हणाल्या फोटोत निळी होती हो. माझ्या स्क्रीनवर ती बरोबर रामा दिसत होती, मग तोच फोटो आईच्या फोनवर उघडला तर खरंच निळा. माझी स्क्रीन जरा मागे कलली की रंगच बदलतो, त्यामुळे बरोबर काय ते मलाच कळत नाही. त्या साडीचे पैसे परत केले, त्याचं काही नाही, पण गिऱ्हाइकाला आपण खोटं दाखवलं असं वाटून फार वाईट वाटलं.

दुकानात गेले तर सगळे आय-सेव्हन प्रोसेसर घ्या म्हणतात. फार तर ७० पर्यंत ताणता येईल. गेमिंग अजिबात नाही.

तापकीर_गल्ली
ताई, प्रोसेसर थोडा वेळ बाजूला ठेवा, तुमचं दुखणं स्क्रीनचं आहे. वाकवली की रंग बदलतो म्हणताय म्हणजे जुना टीएन प्रकारचा पॅनल (स्क्रीनचा पडदा) असणार. आता बहुतेक आयपीएसच मिळतात, त्यात कोन बदलल्यावर रंग एवढा पळत नाही, पण आयपीएस म्हटलं की झालं असं समजू नका. स्पेसिफिकेशनमध्ये ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं एक माप) लिहिलंय का ते बघा, ६० हजारांच्या आतल्या बऱ्याच लॅपटॉपना हेच असतं आणि त्याचा अर्थ एसआरजीबीचे, म्हणजे फोन आणि वेबवर चालणाऱ्या नेहमीच्या रंगसंचाचे, साधारण ६२-६५ टक्केच रंग दिसतात. राणी, मोरपंखी, रामा असे गडद रंग त्यात फिके पडतात, मग आपण एडिट करताना सॅच्युरेशन वाढवतो आणि दुसऱ्याच्या फोनवर तो फोटो भडक होतो. तुम्हाला १०० टक्के एसआरजीबी पाहिजे. कुठे ७२ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर ते साधारण तेच. काहीच लिहिलेलं नसेल तर कमीच धरून चाला, कारण चांगला पॅनल असला की कंपनी ते मोठ्या अक्षरात छापते.

एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळे पॅनल येतात हे लक्षात ठेवा. लेनोवोच्या आयडियापॅड स्लिम ५ मध्ये साधा ४५ टक्केवाला पण आहे आणि ओलेड (जास्त गडद रंग दाखवणारा पॅनल) पण आहे, नाव सेम. त्यामुळे बॉक्सवरचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघायचं, लेनोवोची तर पीएसरेफ म्हणून वेगळी साइटच आहे, पॅनल, वजन, रॅम बदलता येते का, सगळं तिथे मिळतं.

रॅम १६ जीबीच घ्या. लाइटरूम क्लासिक ८ वर चालू होतं पण अडोबी स्वतःच १६ सुचवते, आणि हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा बोर्डालाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवू म्हटलं तर जागाच नसते. २०२५ च्या अखेरीपासून रॅम महाग झालीय त्यामुळे ८ वाला स्वस्त दिसेल, तिथे मोहात पडू नका.

आता प्रोसेसर. आय-सेव्हनची गरज नाही, अलीकडच्या पिढीचा आय-फाइव्ह किंवा रायझन ५ भरपूर झाला. फक्त रायझनच्या ७००० मालिकेत नंबरातला तिसरा आकडा बघा, तो आतली पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा २, म्हणजे जुनी झेन २ आणि चारच कोअर. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३ आणि सहा कोअर. नावं सारखी, काम करताना फरक चांगलाच जाणवतो.

सह्यमित्र
मॅकबुक एअरचा कुणीच विचार करत नाहीये का? एम१ चिपवाला १.२९ किलो, पंखाच नाही त्यामुळे आवाज शून्य, स्क्रीन पी३, म्हणजे रंगसंच एसआरजीबीहून मोठा. बॅटरी ऑफिसचा दिवस आरामात काढते, माझा २०२१ पासून चालूय आणि ट्रेकचे सगळे फोटो त्यावरच करतो. फक्त ८ जीबीवाला घेऊ नका, ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये एअरची सुरुवातच १६ वर आणली, त्यानंतरचा बघा.

मोरपंखी_पदर
@सह्यमित्र दादा, मैत्रिणीचा एअर हातात घेतला होता, सोडवेना, पण टॅलीचं काय करू? ऑफिसचं अर्धं काम टॅलीत आहे.

सह्यमित्र
मग सोडा तो नाद. टॅली विंडोजचंच आहे, मॅकवर चालवायला आत वेगळं विंडोज बसवावं लागतं आणि रॅम त्यातच जाते. रोज आठ तास तेच काम असेल तर विंडोजच घ्या.

कर्जत_लोकल
सेकंडहँडबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी लॅमिंग्टन रोडवरून रिफर्बिश्ड थिंकपॅड घेतला, कीबोर्ड सुंदर, एक्सेल करणाऱ्याला तर फारच, आणि निम्म्याहून कमी पैशात काम झालं. दोन गोष्टी बघायच्या. इंटेल आठव्या पिढीच्या आधीचा नको, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालतं. दुसरं म्हणजे बॅटरी, दुकानदाराच्या समोरच कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्ट काढायचा, मूळ क्षमता किती आणि आता किती उरलीय ते आकड्यात दिसतं, तोंडी गॅरंटीपेक्षा ते बरं. पण खरं सांगतो, रंगाच्या कामाला मी तुम्हाला हे सुचवणार नाही. ऑफिसांतून आलेल्या या मशीनची स्क्रीन पुष्कळदा फिकी असते, माझी आहेच. फोटो मी घरच्या मॉनिटरवर बघतो.

उजेडवाला
मी प्रॉडक्ट फोटोग्राफी करतो, त्यात साड्याही असतात, म्हणून थोडं लांब लिहितोय. स्क्रीन बदला, ती बदलायलाच हवी, पण निम्मी चूक लॅपटॉपच्या आधी झालेली असते. साडी कुठल्या उजेडात ठेवता? खिडकीचा उजेड आणि वर ट्यूब चालू, असं असेल तर पदरावर एक रंग आणि निऱ्यांवर दुसरा पडतो आणि तो लाइटरूममध्ये नीट होतच नाही. ट्यूब बंद करा. ऊन थेट येत नाही अशी खिडकी बघा, किंवा दिवाच लावायचा तर ९५ सीआरआयचा (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) घ्या, स्वस्त एलईडीत लाल रंग मरतो. प्रत्येक वेळी पहिला फोटो साडीवर ग्रे कार्ड (साधं राखाडी कार्ड) ठेवून काढा आणि लाइटरूममधल्या ड्रॉपरने त्या कार्डावर क्लिक करून तोच व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) पुढच्या सगळ्या फोटोंना लावा. रामा रंग कॅमेऱ्याला अवघडच जातो, हिरवा आणि निळा यांच्या मधोमध आहे, व्हाइट बॅलन्स जरा थंड झाला की लगेच निळ्याकडे पळतो. धूपछाव पैठणी असेल तर फोटो कितीही चांगला असला तरी एकाने भागत नाही, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, हलवली की रंग बदलणारच, तिचा दहा सेकंदांचा व्हिडिओ टाका.

आता स्क्रीन. या बजेटमध्ये १४ इंची ओलेड मिळत असेल तर घ्या. पण ओलेडवर सगळंच गोड दिसतं आणि तिथेच फसायला होतं, कारण पॅनल पी३ एवढा मोठा असतो आणि विंडोज साधे फोटो त्यावर ताणून भडक दाखवतं. असूसच्या मायअसूस ॲपमध्ये एसआरजीबी मोड आहे, एडिट करताना तो लावा. नाइट लाइट बंद, ब्राइटनेस रोज एकाच ठिकाणी. एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस एसआरजीबीच ठेवा. काही जणांना ओलेड कमी ब्राइटनेसवर डोळ्यांना त्रास देतो, त्यामुळे दुकानात दहा मिनिटं एक्सेल उघडून बसून बघा.

आणि जागा. तुमची एक रॉ फाईल २५-३० एमबीची असणार, दहा साड्यांचे बारा-बारा फोटो म्हटले तरी साडेतीन जीबीच्या आसपास गेले. ५१२ जीबीचा एसएसडी (आतली डिस्क) घ्या आणि जुनं सगळं बाहेरच्या डिस्कवर.

मोरपंखी_पदर
सगळ्यांचे खूप खूप आभार, शनिवारी जाऊन आले. @उजेडवाला दादांचं वाचून एक केलं, त्या परत आलेल्या साडीचा ब्लाउजपीस आणि तिचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन गेले. दुकानात पाच लॅपटॉपवर तोच फोटो उघडला आणि कापड शेजारी धरलं. मुलगा आधी कंटाळला होता, मग त्यालाच उत्सुकता लागली आणि आतून आणखी एक काढून आणला. दोन स्क्रीनवर रामा सरळ राखाडी-निळा दिसत होता आणि दोन्हीच्या कागदावर ४५ टक्के लिहिलेलं. शेवटी व्हिवोबुक एस १४ ओलेड घेतला, १६ आणि ५१२, वजन १.३ किलो. एसआरजीबी मोड लावल्यावर माझ्या जुन्या फोटोतला निळेपणा पहिल्यांदा माझा मला दिसला, म्हणजे त्या बाई अगदी बरोबर होत्या, त्यांना तसं कळवलं. बजेटच्या वर गेले थोडे पैसे, पण आज लोकलमध्ये बॅग जाणवलीच नाही. चार्जरही सी पोर्टचा आहे, फोनला पण तोच चालतो.

एक शंका राहिली, ओलेडवर एक्सेल दिवसभर उघडं असतं, त्याच्या रेघा स्क्रीनवर कायमच्या उमटतात म्हणतात ते खरं का?

तापकीर_गल्ली
एकच चित्र वर्षानुवर्षं जागेवर राहिलं तर उमटू शकतं. टास्कबार ऑटो-हाइड करा, डार्क मोड लावा, पाच मिनिटांत स्क्रीन बंद होईल असं ठेवा आणि ऑफिसात ब्राइटनेस निम्म्यावर. मायअसूसमध्ये ओलेड केअर आहे ते चालू असू द्या. आणि रामा रंगाचा नवा फोटो इथे टाका, बघायचाय.