प्रिमरोजला मराठीत काय म्हणावं? (नागपुरातल्या तीन वस्त्यांतल्या तिघांच्या गप्पा)

धरमपेठ : नर्सरीतून ‘प्रिमरोज’ म्हणून एक कुंडी आणली. शेजारच्या काकू म्हणतात, त्यांच्या कॅप्सुलांत याचंच तेल असतं. खरं का? आणि मराठीत ‘आद्यगुलाब’ चालेल?

सक्करदरा : आधी पाकळ्या मोजा. पाच असतील, प्रत्येकीच्या टोकाला खाच असेल आणि सुरकुतलेली पानं मातीलगत गोल पसरली असतील, तर ती प्रिम्युला. काकूंचं तेल ईनोथेराच्या बियांचं. ते मूळ अमेरिकेतलं झाड, चार पाकळ्यांचं, मधे फुलीसारखी चौफाटी कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारं टोक. फूल सांजेला उमलतं, म्हणून इंग्रजीत ‘इव्हिनिंग प्रिमरोज’. दोघांची कुळंही वेगळी.

‘आद्यगुलाब’ मात्र नको. लॅटिनमधलं ‘प्रिमा रोझा’ म्हणजे पहिला गुलाब, हे बरोबर. पण ते पहिलेपण युरोपातल्या सरत्या हिवाळ्याचं. आपल्याकडे सरत्या हिवाळ्यात ते निरोप घेतं! आणि गुलाबाशी तर काहीच नातं नाही.

मानेवाडा : मग सांजेला उमलणारीला गुलबक्षीच म्हणा की राजेहो.

सक्करदरा : ते नाव आधीच दुसरीनं घेतलंय.

मानेवाडा : बरं. आमच्या भंडाऱ्याकडं धानाच्या बांधीत पिवळ्या, चार पाकळ्यांच्या फुलाची पाणलवंग उगवते. इंग्रजीत तिला ‘प्रिमरोज विलो’ म्हणतात, कूळ ईनोथेराचंच. आपल्या लोकांनी मात्र बोंड पाहिलं, लवंगेसारखं दिसलं, पाण्यात उगवलेलं दिसलं, झालं नाव. असं नाव पुस्तकात बसून सुचत नाही.

धरमपेठ : पाकळ्या पाचच निघाल्या. आता जगवायची कशी?

सक्करदरा : सकाळचं कोवळं ऊन, दहानंतर सावली. नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून बसते आणि रोपाचा गड्डाच सडतो. वाळू आणि पानांचं कुजलेलं खत मिसळा. पाणी कुंडीच्या कडेनं द्या, पानांच्या मधोमध नको. मार्चचं ऊन लागलं की रोप मान टाकेल. तुमचा दोष नाही. नागपुरात हे एका हिवाळ्याचंच पाहुणं. प्रिम्युलाची ऑब्कोनिका जात असेल तर हातमोजे घाला. वाळकी पानं खुडताना माझ्या मनगटावर लालभडक पुरळ उठलं होतं, त्या पानांत प्रिमिन नावाचं द्रव्य असतं.

मानेवाडा : मग शब्दाचं काय ठरलं?

सक्करदरा : कुंडीतली प्रिम्युला, तेलाची ईनोथेरा. ‘प्रिमरोज’ नर्सरीवाल्याला राहू द्या.

धरमपेठ : काकूंनी डबी आणून दाखवली. चित्रातलं फूल पिवळं, चार पाकळ्यांचं.