पोलीस ठाण्यातून फोन : "जबाब द्यायला या." जायचं की आधी कागद मागायचा?

मधली_सुट्टी
ओळखीच्या एका घरासाठी नेमकी माहिती हवी आहे. घरातल्या मुलाला ठाण्यातून फोन आला, "तुमच्याविरुद्ध अर्ज आहे, उद्या अकराला जबाब द्यायला या. मोबाइल आणा आणि आईंनाही घेऊन या." वाद भाडेकरूच्या अनामत रकमेचा आहे. रक्कम आईंच्या खात्यात जमा झाली होती, वय ६३. गुन्हा दाखल आहे का, कलम कोणतं, काही सांगितलं नाही. फोनवरच्या निरोपावर जावं का? आईंना न्यावंच लागेल का? जबाबावर सही करायची की नाही? (दोन्ही उत्तरं वाचायला मिळतात.) वकील आत बसू शकतो का?

सरळसोट
फोनवर बोलावणं कायद्यात नाहीच. "लेखी नोटीस द्या" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. सुप्रीम कोर्टाने व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीससुद्धा चालत नाही म्हटलंय. सही तर अजिबात नको, कलम १६२.

काळा_डगला
सरळसोट, निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं त्यांच्या अंगाशी येईल.

"चौकशी" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. आपल्याला कोणत्या नात्याने बोलावलंय हे कळल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांना उत्तरच नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यामुळे कलमांचे आकडेही बदललेत.

साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर कलम १७९ (जुनं १६०). आदेश लेखी हवा, आणि माणूस त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतला हवा. कोणतीही स्त्री, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराखेरीज कुठे हजर व्हायला लावता येत नाही. आई स्त्री आहेत, तेवढं पुरे, वय पाहायचीही गरज नाही. स्वतःहून जायची तयारी असेल तर जाता येतं, पण ती सक्ती नव्हे. लेखी आदेश मिळूनही मुद्दाम गैरहजर राहिलं तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम २०८ खाली एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

संशयित म्हणून असेल तर कलम ३५(३) ची नोटीस (जुनं ४१अ). ही आली की जायचंच. नोटीस पाळत राहिलात तर अटक करता येत नाही. करायचीच असेल तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात. नोटीस चुकवली तर मात्र तेच अटकेचं कारण होतं. इथे स्त्रियांना घरी जबाब देण्याची सवलत लिहिलेली नाही. पण गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी आणि व्यक्ती ६० वर्षांवरची असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक नाही, कलम ३५(७). व्हॉट्सअ‍ॅपचा निर्णय या ३५ च्या आणि वरच्या १७९ सारख्या लेखी नोटिशींबद्दलचा आहे, जानेवारी २०२५ चा. प्रत्येक निरोपाला तो लावता येत नाही.

तिसरा प्रकार अर्ज चौकशीचा. यांचं प्रकरण त्यातलंच दिसतं. गुन्हा दाखल नाही, नुसता अर्ज आहे, आणि तुम्ही "गैरअर्जदार". १७९ तपासासाठी आहे, म्हणून इथे सक्ती नाही हे खरं. पण न गेल्यास अहवालात "गैरअर्जदार वारंवार बोलावूनही हजर राहिले नाहीत" एवढंच उरतं आणि पुढचा निर्णय एकट्या अर्जदाराच्या कागदांवर होतो. तेव्हा जावं. हात हलवत मात्र जाऊ नये.

आता सही. तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही असं कलम १८१ (जुनं १६२) सांगतं, आणि सरकार पक्षाला तो जबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही. लोक इथेच थांबतात. गुन्हा दाखल होण्याआधीचा अर्ज चौकशीतला जबाब "तपासात" घेतलेला नसतो. त्याला १८१ चं कवच नाही. पोलिसांपुढची गुन्ह्याची कबुली तशीही ग्राह्य नाही, पण कबुलीपेक्षा कमी असलेलं एखादं मान्य केलेलं विधान पुढे गळ्यात पडू शकतं, दिवाणी दाव्यात तर नक्कीच. म्हणजे जो जबाब "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून घेतात, तोच जास्त जपून द्यायचा.

प्रश्नांबद्दल : कलम १८० खाली खरं उत्तर देणं बंधनकारक आहे, पण जे उत्तर आपल्यालाच आरोपाकडे नेईल ते देण्याचं बंधन नाही. राज्यघटनेचं कलम २०(३), म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही, हे ठाण्यातल्या विचारपूशीलाही लागू आहे. नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ साली सुप्रीम कोर्टाने ते सांगितलं. त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री होत्या, आणि एका स्त्रीला ठाण्यात हजर राहायला लावल्याबद्दल कोर्टाने त्याच निकालात नाराजीही नोंदवली.

वकील : विचारपूस चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं, तोही अटकेतल्या माणसाला आणि पूर्ण वेळ नव्हे. बाकीच्यांसाठी वकील सोबत येतात, दारापलीकडे बसतात आणि कुठलाही कागद सहीआधी पाहतात. बहुतेक वेळा तेवढ्यानेच सूर बदलतो.

ठाणे_अंमलदार_निवृत्त
वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी टेबलावरचं सांगतो.

आधी फोन खरा आहे का ते पाहा. नाव, हुद्दा, बक्कल नंबर, ठाणं आणि अर्जाचा आवक क्रमांक विचारा. मग जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावरून ठाण्याचा दूरध्वनी काढून तिथे उलट फोन करा. व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारा किंवा पैसे "व्हेरिफाय" करायला सांगणारा पोलीस नसतो, "डिजिटल अटक" कायद्यात नाही. तसं काही असलं तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. गुन्हा दाखल आहे का, हे राज्य पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर पाहता येतं, संवेदनशील गुन्हे सोडून.

जाताना एक पानी लेखी म्हणणं, दोन प्रतींत. त्यात फक्त तारखा, रकमा आणि कागद : करार कधीचा, अनामत किती, वीजबिल व दुरुस्तीचे किती वजा केले, उरलेले कधी दिले. सोबत करार, बँकेच्या नोंदी आणि ओळखपत्राच्या छायाप्रती. मूळ कागद दाखवा, देऊ नका.

जबाब संगणकावर टाइप होतो आणि बहुधा जुन्या जबाबावरच नवा चढवतात. "मी समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून विचारलेवरून जबाब देतो की" इथून सुरुवात, शेवट "माझा वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे". ही शेवटची ओळ सही करणाऱ्याचे हात बांधते, म्हणून खरोखर वाचा. आधीच्या माणसाचं वय, दुसऱ्याच वादातली रक्कम राहून गेलेली असते. "आठवत नाही" म्हटलेलं "माहीत नाही" होऊन येतं, ते बदलून घ्या, दोन्हींत फरक आहे. आणि "सदर रक्कम परत करण्यास मी तयार आहे" हे वाक्य तुम्ही उच्चारलं नसेल तर ते पानावर दिसता कामा नये. दुरुस्ती प्रिंट काढण्याआधी सांगा, प्रिंटनंतर अंमलदार कुरकुरतो. तरी ऐकलं नाही तर सहीशेजारी स्वतःच्या अक्षरात "अमुक ओळ मी सांगितलेली नाही" असं लिहून खाली तारीख आणि वेळ टाका.

दिवाणी वादात पैसे वसूल करून देणं पोलिसांचं काम नाही. समोरासमोर बसवून "मिटवून टाका" म्हणतात, त्यात गैर नाही. मिटत असेल तर चांगलंच. पण त्या टेबलावर चेक लिहू नका. तो वटला नाही की भांडणाचा खटला होतो. न मिटल्यास दोघांना समज देऊन अर्ज दफ्तरी दाखल होतो, म्हणजे बंद होतो, आणि अर्जदाराने दिवाणी कोर्टात जायचं.

मधली_सुट्टी
दोघांचे आभार. मोबाइलचं राहिलं. आणि आईंसाठी नेमकं काय लिहायचं?

सरळसोट
सहीचा मुद्दा माझा चुकला, मान्य. मोबाइल मात्र घरीच ठेवावा.

काळा_डगला
हो, ठेवता येईल. एखादी वस्तू हजर करायला लावायची तर कलम ९४ चा लेखी आदेश लागतो, "घेऊन या" हा फोन म्हणजे आदेश नव्हे. उपयोगाचे संदेश छापून न्या. जप्त करायचाच असेल तर जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण, कलम १०५, आणि जप्तीची यादी. यादीत मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक आहे का ते पाहा. चॅट पुसून टाकू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळाच गुन्हा आहे, अनामत रकमेच्या वादापेक्षा जड.

आईंचा अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, चार ओळींचा : "दि. … रोजी दूरध्वनीवरून मला हजर राहण्यास कळविले आहे. मी ६३ वर्षांची महिला आहे. मला साक्षीदार म्हणून विचारपूस करावयाची असल्यास कलम १७९ नुसार ती माझ्या राहत्या घरी करावी, मी सहकार्य करीन. अन्य कारणाने बोलावले असल्यास कलम ३५(३) ची लेखी नोटीस मिळावी." "सहकार्य करीन" हे शब्द गाळू नका, पुढे अटकपूर्व जामिनासाठी कलम ४८२ खाली जायची वेळ आली तर हाच कागद जोडायचा असतो.

ठाणे_अंमलदार_निवृत्त
त्या अर्जाच्याही दोन प्रती. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का. "साहेब बंदोबस्तावर आहेत, नंतर या" म्हणाले तर मुलाने तिथेच लिहून द्यावं, "आज ११ वाजता हजर होतो, पुढील तारीख द्यावी." शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी दोन्ही कागद स्पीड पोस्टने, पावती करारासोबत जपून ठेवा. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने ठेवावं असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगितलंय, हजेरीवरून पुढे वाद झालाच तर ते जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या. कॅमेऱ्यात वेळ दिसते, म्हणून आत शिरतानाची आणि बाहेर पडतानाची वेळ नोंदवून ठेवा.