गुप्तांगावरील चामखिळींना कुरूपाचे औषध नको
वर एका सदस्यांनी पायाच्या कुरूपावर लावायचे औषध या चामखिळींवरही चालेल असे सुचवले आहे. ते कृपया कोणी करू नये, कारण त्यातील सॅलिसिलिक ॲसिडने तिथली नाजूक त्वचा भाजून निघू शकते. या चामखिळी बहुतांशी एचपीव्ही विषाणूच्या ६ व ११ या प्रकारांमुळे होतात, आणि कर्करोगाला कारणीभूत ठरणारे १६ व १८ हे प्रकार वेगळे असल्यामुळे चामखीळ दिसताच धास्ती घेण्याचे कारण नाही. लैंगिक संबंधातून झालेल्या संसर्गानंतर ती उगवायला कित्येक महिनेही लागतात, तेव्हा जोडीदारावर लगेच संशय घेणे तर अन्यायाचेच. शिश्नमुंडाच्या कडेने ओळीत येणारे एकसारखे बारीक दाणे मात्र चामखीळ नसून नैसर्गिक असतात. उलट चपट्या, ओलसर गाठी सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाच्याही असू शकतात, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ रक्ताची व्हीडीआरएल तपासणी सांगतात. इमिक्विमॉड मलम, पोडोफायलोटॉक्सिन हे वरून लावायचे औषध, द्रव नायट्रोजनने गोठवणे किंवा विजेच्या उपकरणाने जाळणे हे उपचार आहेत. गरोदरपणात पोडोफायलोटॉक्सिन वापरत नाहीत. उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत चामखिळी पुन्हा येणे नेहमीचेच आहे, त्यावरून डॉक्टर बदलण्याची घाई करू नये.