कुंकळ्ळीचं चर्च आणि अर्धी सांगितलेली गोष्ट

पोफळी:
गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या आरोग्यमातेच्या चर्चची गोष्ट 1583 च्या जुलैपासून सांगतात. रुदोल्फ आक्वाविवा आणि आणखी चार जेझुइट (येशूसंघाचे पाद्री) चर्चसाठी जागा बघायला गावात आले, गावकऱ्यांनी त्यांना मारून प्रेतं विहिरीत टाकली. 1893 मध्ये पोपने त्या पाचांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. इथे गोष्ट संपवतात. नंतर पोर्तुगिजांनी गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणीच्या नावाखाली आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढलं, ते गाळतात. माझं मत: आसोळणा सांगायचा नसेल तर हे चर्च दाखवूच नये.

साळकाठ:
आसोळणा सांगा ना, कोण नको म्हणतंय? पण त्याने आधीची हत्या धुऊन निघते का? बरोबरच्या पोर्तुगिजाने बंदूक उचलली, तेव्हा त्या पाचांतल्या पाशेकोनेच त्याला अडवलं होतं. आक्वाविवा तर नुकताच अकबराच्या दरबारातून परतलेला. तिथे मौलवींशी वाद घालून सुखरूप आला आणि इथे गोव्याच्या साष्टीत मारला गेला!

पोफळी:
त्या दिवशी बंदूक अडवली, मान्य. पण त्याआधी हेच पाशेको आणि त्या पाचांतलाच बेर्नो फौजेबरोबर इथली देवळं पाडायला आले होते, ते गावाने विसरायचं? गावच्या देवीला, शांतादुर्गेला, फातर्पा गावी न्यावं लागलं, ते काय हौसेने?

वाटसरू:
मला यातली दंतकथा आवडते. 16 गावकार किल्ल्यात गेले, 15 मेले आणि एकाने संडासाच्या भोकातून साळ नदीत उडी टाकून कारवार गाठलं. कागदावर असो-नसो, पोर्तुगिजांना चकवून निसटलेला एक तरी माणूस गावाला हवाच होता.

आजोळकर:
तुम्ही दोघं पाच पाद्री आणि पंधरा गावकार मोजत बसलात. त्याच दिवशी स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले, त्यांचं काय? त्यात दोमिंगो नावाचा कुंकळ्ळीचाच मुलगा होता. जेझुइटांच्या वृत्तांताप्रमाणे त्याला त्याच्या सख्ख्या काकानेच मारलं. पोपच्या यादीत फक्त पाच जेझुइट. गावकारांना निदान स्मारक तरी मिळालं, या पोराला काय?

पोफळी:
त्याच वृत्तांतात हेही आहे की पाद्र्यांना देवळं दाखवत फिरला तो हाच दोमिंगो.

आजोळकर:
पोरगंच ते! मोठ्यांच्या भांडणात सापडलं. आणि अहो, शिगम्यात देवी 12 छत्र्या घेऊन फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते, तेव्हा ख्रिस्ती वांगडांनाही (गावकार घराण्यांनाही) मान असतो. तिथे कुणी असले हिशेब काढत नाही.

साळकाठ:
छत्र्यांचा उत्सव सुंदरच, पण माझा प्रश्न तसाच राहिला. बोलणीला बोलावून मारणारे आणि जागा बघायला आलेल्यांना मारणारे, यांत फरक काय?

पोफळी:
फरक आहे. गाव कुणाचं होतं?

साळकाठ:
दोमिंगोचंही होतं.